संधाय संभाषा आणि प्रथम वर्षाचा विद्यार्थी

बी.ए.एम.एस.च्या प्रथम वर्षात पाऊल ठेवणारा विद्यार्थी एकाच वेळी तीन भाषांच्या तिठ्यावर उभा असतो. रचना शारीराचा बराचसा अभ्यास तो इंग्रजी ग्रंथांतून करतो, संहिता संस्कृतात वाचतो आणि या दोहोंचा अर्थ मनाशी लावतो तो मराठीत. नीट परीक्षेसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांपलीकडे वर्ष-दोन वर्षे काहीही न वाचलेली ही मुले-मुली संस्कृत, पदार्थविज्ञान, क्रिया शारीर, रचना शारीर आणि संहिता अध्ययन अशा पाच विषयांना एकदम सामोरी जातात. राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी प्रथम व्यावसायिक वर्ष १८ महिन्यांचे ठरविले आणि त्याच्या आरंभी १५ दिवसांचा संक्रमण अभ्यासक्रमही ठेवला. या पंधरा दिवसांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु तिठा ओलांडायला पंधरा दिवस पुरत नाहीत, हे विद्यार्थ्यांशी दोन घटका मोकळेपणाने बोलणाऱ्या कोणाही वैद्याला ठाऊक आहे.

यातील पुष्कळांचे मन मुळात दुसरीकडे असते. एम.बी.बी.एस.चा प्रवेश थोड्या गुणांनी हुकला म्हणून आलेला विद्यार्थी पहिल्या सहा महिन्यांत जे ठरवितो, ते बहुधा पुढे टिकते. संहिता हा समजून घेण्याचा ग्रंथ आहे असे त्याला वाटले, तर तो वैद्य होतो. ती केवळ परीक्षेपुरती पाठ करण्याची गोष्ट आहे असे वाटले, तर साडेचार वर्षे आणि एक वर्षाची आंतरवासिता संपल्यावर तो एखाद्या आधुनिक रुग्णालयात रात्रपाळीचा निवासी डॉक्टर म्हणून रुजू होतो आणि आयुर्वेद त्याच्या भिंतीवरच्या पदवीपत्रात उरतो. आपल्या व्यवसायाची गळती कोठून सुरू होते याची चर्चा आपण संमेलनांतून वारंवार करतो. आमच्या मते ती प्रथम वर्षाच्या वर्गातच सुरू होते. फार्मसीचालकांनाही हा प्रश्न परका नाही. ज्याला रस आणि विपाक यांचा पाया कळलेला नाही, तो पुढे क्वाथाची योजना करीत नाही, भरडीची पुडी लिहून देत नाही. तयार गोळ्यांची नावे तेवढी तो लिहितो आणि तीही कंपनीच्या प्रतिनिधीने सांगितलेली.

या पाहणीतून आमच्यापुढे एक उपाय आला आहे. उपाय साधा आहे आणि फारसा खर्चाचाही नाही. प्रथम वर्षाच्या सहा ते आठ विद्यार्थ्यांचा एक अभ्यासगट करावा आणि त्याचे चालकत्व एकच वर्ष पुढे असलेल्या विद्यार्थ्याकडे द्यावे. आठवड्यातून एकदा, दीड तास.

चालक अध्यापक का नको, वैद्य का नको, असा प्रश्न येथे सहज येईल. ज्याने तीस वर्षे चिकित्सा केली त्याला ‘कटु’ शब्दाचा अर्थ कळायला आपल्याला किती वेळ लागला होता हे आठवत नाही. ज्याला गेल्याच वर्षी तेथे ठेच लागली त्याला ती जागा अचूक आठवते. शिवाय समोर गुरुजन असले की मुले प्रश्न विचारीत नाहीत. विचारलाच तर तो आपले अज्ञान झाकणारा असतो.

ही कल्पना परदेशात अर्धशतकाहून अधिक काळ वापरात आहे. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील केंद्रात डिआना मार्टिन यांनी १९७३ मध्ये अशा अभ्यासबैठकांचा आरंभ केला आणि तो आरोग्यविज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांसाठीच केला, ही गोष्ट आपल्याला विशेष वाटावी. त्यांच्या पद्धतीत एक मोठी मार्मिक योजना होती. ‘कच्चे विद्यार्थी’ निवडायचे नाहीत, ‘कठीण विषय’ निवडायचा. त्या विषयाच्या बैठकीला हुशार आणि कच्चा दोघेही येणार, त्यामुळे तेथे जाणे म्हणजे आपण नापास होणार असल्याची कबुली देणे असे होत नाही. तो विषय आधी चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी चालक होतो, प्राध्यापकांच्या तासाला पुन्हा जाऊन बसतो आणि बैठकीत स्वतः व्याख्यान देत नाही. हजेरी ऐच्छिक असते. ही पद्धत पुढे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, स्वीडन अशा देशांतील विद्यापीठांतूनही पसरली. त्याच दशकात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात यूरी ट्राइझमन यांनी कलनशास्त्रात अडखळणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले. ती मुले आळशी नव्हती, पूर्वतयारीतही सरसकट मागे नव्हती. ती एकटी अभ्यास करीत होती. त्याच वर्गातील चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र एकत्र बसून एकमेकांची गणिते तपासत होते. आपल्या वसतिगृहांतील खोल्यांतून फिरून पाहिले, तर यापेक्षा वेगळे चित्र दिसेल असे आम्हाला वाटत नाही.

तथापि यासाठी परदेशाकडे पाहण्याची आपल्याला गरज नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील रोगभिषग्जितीय अध्यायात ज्ञानाचे उपाय तीन सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. पैकी पहिले दोन आपल्या महाविद्यालयांतून कसे का होईना चालू आहेत. तिसरा मात्र परिसंवादाच्या निमंत्रणपत्रिकेवरील शीर्षकापुरता उरला आहे. समान विद्या शिकणाऱ्यांनी परस्परांशी बोलल्याने ज्ञानाविषयी उत्साह वाढतो, बोलण्याची शक्ती येते, पूर्वी ऐकलेल्यातील शंका फिटतात आणि न ऐकलेले कानी पडते, असे आचार्य सांगतात. याच ठिकाणी त्यांनी एक मिस्कील निरीक्षणही नोंदविले आहे. प्रसन्न झालेला गुरू शिष्याला जे गूढ क्रमाक्रमाने सांगतो, ते वादात जिंकण्याच्या भरात असलेला मनुष्य एका दमात सांगून टाकतो! महाविद्यालयाच्या कट्ट्यावर चहा घेत वाद घालणारी मुले ज्याने पाहिली आहेत, त्याला या वाक्याची सत्यता पटवून द्यावी लागणार नाही.

आचार्यांनी संभाषेचे दोन प्रकार केले. मैत्रीभावाने होते ती संधाय संभाषा आणि जिंकण्यासाठी होते ती विगृह्य संभाषा. पहिलीसाठी सहकारी कसा असावा? जो रागीट नाही, मत्सरी नाही, समजाविले असता ऐकतो, कष्ट सोसतो आणि गोड बोलतो. अशाबरोबर निःशंकपणे बोलावे, निःशंकपणे विचारावे, हरण्याची भीती बाळगू नये, जिंकल्यास फुशारकी मारू नये. अभ्यासगटाची नियमावली याहून निराळी लिहिण्याची आवश्यकता आम्हाला भासत नाही. गटचालक निवडतानाही गुणपत्रिका नंतर पाहावी, ही लक्षणे आधी पाहावीत. विद्यापीठात पहिला आलेला विद्यार्थी उत्तम चालक होईलच असे नाही. एखाद्या विषयात धडपडून उत्तीर्ण झालेला आणि तरीही हसतमुख राहिलेला विद्यार्थी आम्ही अधिक पसंत करू.

अशा संभाषेचा एक जिवंत नमुना प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमातच आहे. चरकाच्या सूत्रस्थानाचे पहिले बारा अध्याय या वर्षी शिकवितात आणि त्यांतील बारावा, वातकलाकलीय, ही ऋषींची बैठकच आहे. कुश, कुमारशिरा भरद्वाज, कांकायन, बडिश धामार्गव अशी एकेक मंडळी वायूविषयी आपापले म्हणणे मांडतात. वार्योविद वायूचे शरीरातील आणि सृष्टीतील विराट कार्य वर्णन करतात. त्यावर मरीचि विचारतात की, हे सारे खरे असेल, पण वैद्यकशास्त्रात हे सांगण्याचा आणि जाणण्याचा उपयोग काय? प्रथम वर्षाचा प्रत्येक विद्यार्थी मनातल्या मनात नेमके हेच विचारीत असतो आणि उघड विचारायला धजत नाही. संहितेने तो प्रश्न एका ऋषीच्या तोंडी घालून त्याची प्रतिष्ठा वाढविली आहे. गटात हा अध्याय वाचताना प्रत्येकाने एकेका ऋषीची बाजू घेऊन मराठीत बोलावे. मरीचीचे काम सर्वांत साशंक विद्यार्थ्याला द्यावे. अध्याय लक्षात ठेवण्यासाठी मग वेगळी घोकंपट्टी फारशी करावी लागत नाही.

आता गटात प्रत्यक्ष करायचे काय, याविषयी थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे.

मराठी विद्यार्थ्याला संस्कृतची भीती वाटते ती शब्द अनोळखी असतात म्हणून, असा आपला समज असतो. आमच्या मते अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच त्याला अधिक फसवितात. अनोळखी शब्दासाठी तो निदान कोश उघडतो. ‘कटु’ हा शब्द मात्र तो सहजच ‘कडू’ असा वाचतो आणि पुढे जातो. शास्त्रातील कटु म्हणजे आपले तिखट आणि आपले कडू म्हणजे शास्त्रातील तिक्त. या एका गैरसमजाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील दहावा रसभेदीय अध्याय आरंभापासून अखेरपर्यंत उलटापालटा होतो. सुंठ आणि मिरे कडू ठरतात, कडुनिंब तिखट! त्यात भर म्हणून कुटकीचे संस्कृत नाव कटुका आणि तिचा रस मात्र तिक्त. ‘वेग’ म्हणजे मराठीत गती, वैद्यकात मलमूत्रादींचा नैसर्गिक वेग. ‘धातु’ संस्कृतच्या तासाला क्रियापदाचे मूळ असतो, क्रिया शारीराच्या तासाला शरीराला धारण करणारा घटक आणि घरी गेल्यावर तांबे-पितळ. ‘पित्त’ म्हटले की अंगावर उठणाऱ्या गांधी किंवा आंबट ढेकर एवढेच डोळ्यांपुढे येते. अशा शब्दांची एक वही प्रत्येक गटाने स्वतःच तयार करावी. छापील यादी देऊ नये, कारण स्वतः फसल्यावर लिहिलेला शब्द विसरला जात नाही.

संधींचेही तसेच आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायाचे नाव रोगानुत्पादनीय. संधी न सोडविता घाईने वाचणाऱ्याला त्यात ‘रोग’ आणि ‘उत्पादन’ दिसते, मधला ‘अन्’ दिसत नाही आणि रोग उत्पन्न होऊ नयेत म्हणून लिहिलेला अध्याय रोग उत्पन्न करणारा होऊन बसतो. चरकाच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय नवेगान्धारणीय. वेग धारण करू नयेत हा दोन्ही अध्यायांतील मुख्य विषय, दोन्ही याच वर्षाला आणि दोन्ही नावांत नकार दडलेला. हे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचले, तर संधी, संहिता आणि स्वस्थवृत्ताचा पाया अशा तिन्ही गोष्टी एका बैठकीत होतात. अडल्यास अरुणदत्ताची टीका उघडावी, हेमाद्रीची उघडावी. देवगिरीच्या यादवांचा मंत्री असलेल्या ज्या हेमाद्रीला मराठी मुले हेमाडपंती देवळांमुळे नावाने ओळखतात, त्यानेच अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली, हे कळल्यावर त्यांना जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो.

रसांची बैठक मात्र ग्रंथावर भागत नाही आणि येथे आमचे फार्मसीचालक बंधू-भगिनींना आवाहन आहे. आपल्या दुकानातून एका ताटात सहा वाट्या द्याव्यात. ज्येष्ठमध, आमसूल, सैंधव, मिरपूड, काडेचिराईत आणि कात. प्रत्येकाची चिमूट जिभेवर ठेवून विद्यार्थ्याने आधी स्वतःच्या मराठीत वर्णन लिहावे आणि मगच ग्रंथातील लक्षण वाचावे. तोंडाचा चिकटा कशाने गेला, जीभ कशाने जड झाली, डोळ्यांत पाणी कशाने आले, हे सर्व ग्रंथात लिहिलेलेच आहे. ते आपल्याच तोंडात घडताना पाहिले की ग्रंथावर विश्वास बसतो. शेवटी आवळा द्यावा. आवळ्यानंतर पाणी गोड लागते हे लहान मुलालाही माहीत असते, परंतु लवण वगळता पाच रस असलेल्या द्रव्याचा विचार त्या निमित्ताने सुरू होतो. मग हिरडा, तोही लवणवर्जित पाच रसांचा, पण कषायप्रधान. मग लसूण, ज्यात केवळ अम्ल उणा म्हणून तो रसोन. आणि सर्वांत अखेरीस पिंपळी. ती जिभेला तिखट लागते, तिचा विपाक मात्र मधुर सांगितला आहे. तो जिभेला कळत नाही. मग तो आचार्यांनी कशावरून ठरविला, हा प्रश्न त्या ताटातून उभा राहतो आणि पदार्थविज्ञानातील प्रत्यक्ष व अनुमान यांचा धडा सुरू होतो.

ताटाबाबत सावधगिरीही हवी. वाट्यांवर नावे असावीत, द्रव्य स्वच्छ आणि ताजे असावे, कोणाला कशाचे वावडे आहे हे आधी विचारावे. बचनाग, कुचला, बिब्बा, गुंज यांसारखी द्रव्ये शुद्ध असोत वा अशुद्ध, दाखविण्यासाठीही त्या ताटाजवळ आणू नयेत. आणि एक स्पष्टपणे सांगितले पाहिजे. या निमित्ताने कंपनीच्या नावाच्या पिशव्या, दैनंदिन्या आणि मोफत नमुने वाटण्याचा मोह टाळावा. ज्या दिवशी गटात पहिली जाहिरात येईल, त्या दिवशी तो अभ्यासगट राहणार नाही.

रचना शारीरासाठी एक अस्थिसंच पुरतो आणि एक प्रश्न. चरक अस्थी ३६० मोजतात, सुश्रुत ३००, आजचे शास्त्र २०६. कोण चुकले? ‘कोणीच नाही, मोजणी निराळी’ हे उत्तर चालकाने सांगू नये. दात, दंतोलूखले आणि नखेही चरकांच्या गणतीत येतात, तर सुश्रुतांच्या पाच अस्थिप्रकारांत दातांना रुचक आणि कूर्चेला तरुण म्हटले आहे, हे विद्यार्थ्यांनी स्वतः ग्रंथातून शोधावे. यास एखादी सबंध बैठक लागली तरी हरकत नाही.

या पद्धतीत धोके नाहीत असे नाही. सर्वांत मोठा धोका असा की चालक विद्यार्थ्याला हळूहळू प्राध्यापक होण्याची हौस येते. तो फळ्यापाशी उभा राहतो, मागच्या वर्षीच्या टिपणांच्या झेरॉक्स वाटतो, ‘हे येणार, हे येणार नाही’ असे सांगू लागतो आणि गटाची खासगी शिकवणी होते. अर्थ न जाणता ग्रंथ वाहणाऱ्याला सुश्रुतांनी चंदनाचा भार वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे. अशा गटातून तो भार तेवढा एका पाठीवरून दुसरीवर जातो. चालकाने बैठकीत उत्तरापेक्षा प्रश्न अधिक विचारावेत आणि एखाद्याने त्याला विचारलेला प्रश्न आधी दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वळवावा. हे सोपे नाही, शिकावे लागते.

दुसरा धोका चुकीचा अर्थ सर्वानुमते पक्का होण्याचा. आठ जणांना एकच गोष्ट चुकीची समजली, तर ती एकाला चुकीची समजण्यापेक्षा अधिक घातक असते. त्यासाठी वैद्याची गरज आहे, परंतु ती खोलीत नव्हे. न सुटलेले आणि वादाचे प्रश्न गटाने एका वहीत लिहावेत आणि ती वही पंधरा दिवसांतून एकदा वैद्यांकडे जावी. त्यांनीही उत्तर लिहिण्याऐवजी शक्य तेथे केवळ स्थान लिहावे, म्हणजे ग्रंथ, स्थान, अध्याय. बैठकीत येऊन खुर्चीवर बसण्याचा मोह आवरणे आपल्यापैकी पुष्कळांना कठीण जाईल, हे आम्ही जाणतो. दीड तासांपैकी सव्वा तास आपण आपल्या रुग्णांच्या कथा सांगू, मुले आदराने ऐकतील आणि पुढच्या आठवड्यात येणार नाहीत.

तिसरी बाब अधिक नाजूक आहे. महाराष्ट्रात रॅगिंग प्रतिबंधक अधिनियम १९९९ पासून आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे त्याविषयीचे नियम २००९ चे आहेत. ते आवश्यकच आहेत. त्यामुळे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना प्रथम वर्षापासून दूर ठेवण्याकडे महाविद्यालयांचा कल असतो आणि त्यात त्यांची चूक नाही. म्हणून असा गट प्राचार्यांच्या लेखी संमतीने आणि रॅगिंगविरोधी समितीला कळवूनच सुरू व्हावा. तो वसतिगृहाच्या खोलीत, रात्री, बंद दाराआड कदापि भरू नये. ग्रंथालयाचा वाचनकक्ष किंवा दुपारी रिकामा असणारा दवाखान्याचा प्रतीक्षाकक्ष ही योग्य स्थळे होत. मुलींना परतायला उशीर होणार नाही अशी वेळ असावी. येणे ऐच्छिक असावे आणि न येणाऱ्याचे नाव कोणी विचारू नये.

दुपारी एक ते चार या वेळात आपल्यापैकी बहुतेकांचे दवाखाने बंद असतात. सहा खुर्च्या, एक पंखा, पिण्याचे पाणी आणि कपाटातील सटीक संहिता एवढे दिले तरी पुरे. ज्या शहरांत आयुर्वेद महाविद्यालय आहे तेथील सभासदांनी प्राचार्यांना भेटून अशी जागा देऊ करावी. सर्व विषयांचे गट एकदम काढू नयेत. पहिल्या वर्षी संहिता अध्ययन हा एकच विषय घ्यावा, कारण इंग्रजी शारीराला शिकवण्या व पुस्तके मुबलक मिळतात, संहितेला मिळत नाहीत.

चालक विद्यार्थ्याला मानधन द्यावे का, याविषयी आमच्यात मतभेद झाले. जाण्यायेण्याचा खर्च अवश्य द्यावा यावर मात्र एकमत आहे. त्यापलीकडे रोख रक्कम न देता त्याला आठवड्यातून दोन सकाळी आपल्या बाह्यरुग्ण विभागात शेजारी बसू द्यावे, नाडी पाहू द्यावी, रुग्णाला आहार समजावून सांगू द्यावा, असे बहुमत पडले. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला अशी संधी सहसा मिळत नाही. वर्षाअखेरीस त्याला एक सटीक ग्रंथ द्यावा आणि त्यावर गटातील सर्वांनी आपली नावे लिहावीत.